अण्णा आणि आपोआप मिटणारं दार

भोरहून पुण्याला जाणारी सकाळची एसटी शिवऱ्याला आमच्या दुकानासमोर थांबते. उतरणारं कुणी नसलं तरी थांबते, कारण कंडक्टरला माझ्याकडचा चहा लागतो आणि मला त्याच्याकडच्या बातम्या. पाच-सहा आठवड्यांमागं ती अशीच थांबली. मी कपबशी घेऊन पुढं झालो, पण त्यानं हात पुढं केला नाही. दाराच्या दांडीला धरून तो खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बापू, तुमचे अण्णा मास्तर गेले. पहाटे, दवाखान्यात. वहिनींचा निरोप आहे, सरळ तिकडंच या." दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी निघून गेली. मी तिथंच उभा राहून त्याचा चहा पिऊन टाकला. जीभ चांगली भाजली. दुःखाची बातमी आल्यावर माणसानं काय करायचं असतं, हे मला कधीच जमलेलं नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, "बापू, निदान बशीत तरी ओतायचास..."

आमचं दुकान कड्या-कोयंड्यांचं. बिजागऱ्या, खिळे, स्क्रू, कुलपं. भोरमधली जुनी माणसं हे ऐकून अजून हसतात. ज्याला उभ्या आयुष्यात एक दार धड घेता आलं नाही, त्यानं दारांच्या सामानाचं दुकान काढावं, हा विनोद पहिल्यांदा अण्णांनीच केला. दुकान उघडलं त्या दिवशी ते मुद्दाम आले, पेढा खाल्ला, आणि मांडलेली एकेक कडी हिसके देऊन पाहू लागले. काही कड्या त्यांच्या हातात निघून आल्या. त्या त्यांनी गल्ल्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "या विकू नकोस. पेढे छान आहेत."

अण्णा भोरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, राहायला आमच्याच आळीत. उंच, जरा पुढं वाकलेले, कोटाच्या खिशात सदैव खडूचा तुकडा. कुठलीही वस्तू घेण्याआधी तपासायची, आणि तीही दुकानदार दाखवतो तशी नव्हे, घरी जशी वापरली जाणार तशी, हा त्यांचा नेम. छत्री घ्यायची तर दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून घ्यायचे, छत्री उघडून त्यालाच तिच्याखाली उभं करायचे आणि वरून पाणी ओतायचे. चपला घ्यायच्या तर जुन्या तारण ठेवून नव्या घालायच्या आणि स्टँडपर्यंत फेरी मारून यायची. एकदा बाज घ्यायला गेले आणि पडून पाहता पाहता त्यांना झोपच लागली. दुकानदार घरी जाऊन जेवून आला तरी हे घोरतच होते. उठून डोळे चोळत म्हणाले, "बाज चांगली आहे. द्या." माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आमच्याबरोबर अण्णा आले होते. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि अण्णा मुलीकडं वळून गंभीरपणे म्हणाले, "पोरी, तूही याला काय विचारायचं ते विचारून घे. नंतर तक्रार चालणार नाही." तिनं मला स्वयंपाक येतो का विचारलं. मी येतो म्हणून ठोकून दिलं. आमच्या घरात तो विषय आजही बंद झालेला नाही.

पासष्ट-सहासष्टचा सुमार असेल. भोरमध्ये लोकवर्गणीतून एक छोटा दवाखाना उभा राहत होता. कमिटीत अण्णा होते, आणि बोलायला पुढं म्हणून मला चिटणीस केलं होतं. डॉक्टरांचं एकच गाऱ्हाणं होतं. जुन्या जागेत दार कायम सताड उघडं, त्यामुळं पेशंटच्या बरोबरीनं कुत्री-शेळ्याही तपासायला येतात. परवाच एका शेळीनं बँडेजची गुंडाळी अर्धी खाल्ली. मी नुकताच मुंबईला जाऊन आलो होतो आणि तिथं एका मोठ्या कचेरीत आपोआप मिटणारं दार पाहून आलो होतो. पाहून म्हणजे काय, पाचसहा वेळा उगाचच आतबाहेर केलं होतं. शेवटी तिथल्या शिपायानं काम काय म्हणून विचारलं तेव्हा निघालो. तर मी मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि त्या दाराचं असं वर्णन केलं की ऐकणाऱ्याला वाटावं, ते दार मीच शोधून काढलंय. बाहेरून ढकला नाहीतर आतून, माणूस गेला की मागं ते गपचूप मिटतं. शेळी आत यायची बात नको. ठराव पास. एकट्या अण्णांनी विचारलं, "मिटताना मधे कोण आहे ते त्याला कळतं का?"

मी म्हणालो, "अण्णा, ते दार आहे, राखणदार नव्हे." सगळे हसले. अण्णाही हसले. प्रश्न मात्र त्यांनी मागं घेतला नाही.

दार घ्यायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. रविवार पेठेतल्या एका दुकानात मधोमध नुसतीच चौकट उभी केली होती आणि तिच्यात ते दार. वर काच, खाली पॉलिश केलेलं लाकूड, आणि तळाशी पोलादी पेटीत दडलेली स्प्रिंग. दुकानदार मोठा गोड माणूस. त्यानं आधी थंडगार पाणी दिलं आणि मग शिक्का मारलेला दाखला दिला. ही स्प्रिंग मानकात बसते, हजारो वेळा उघडझाप करून तपासलेली आहे, वगैरे. मी लगेच सौदा करायला निघालो होतो. अण्णांनी चष्मा लावला, कागद सावकाश वाचला, उलटून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली आणि म्हणाले, "स्प्रिंग पास झाली, छान झालं. दारातून जाणाऱ्या माणसाची परीक्षा कुणी घेतली?"

"ती गिऱ्हाइकानं घ्यायची," दुकानदार हसत म्हणाला.

"घेऊ की," असं म्हणून अण्णा माझ्याकडं वळले. माझ्या दोन्ही हातांत चिनी मातीची मोठी बरणी होती. लोणचं घालायला हिनं आणायला सांगितलेली. अण्णा म्हणाले, बरणी खाली ठेवू नकोस, दवाखान्यात येणाऱ्याचे हात मोकळे असतातच असं नाही. मी खांद्यानं दार ढकलून ऐटीत आत शिरलो आणि मुंबईच्या सवयीनं मागं वळून दुकानदाराकडं पाहिलं. तेवढ्या वेळात दार परत आलं. आधी कोपराला लागलं, मग बरणीला. बरणीचं झाकण तेवढं शाबूत राहिलं. ते आमच्याकडं अजून आहे. संध्याकाळी ही एवढंच म्हणाली, "बरणी आणायला पाठवलं तर माणूस दार घेऊन आला."

कारण दार मी घेतलंच. आमंत्रणपत्रिकेचा मजकूर माझा, त्यात 'अत्याधुनिक स्वयंचलित द्वार' असं मी लिहून बसलो होतो आणि पत्रिका छापायला गेल्या होत्या. अण्णांनी फक्त दुकानदाराकडून एक कबूल करून घेतलं: आम्ही हे भोरला नेऊन आमच्या माणसांवर तपासणार, आणि उद्घाटन होईपर्यंत नापसंत ठरलं तर तो परत घेणार.

परतीच्या एसटीत मी घुश्शात खिडकीबाहेर बघत होतो. कापूरहोळ मागं पडल्यावर अण्णा आपणहून बोलायला लागले. नोकरीच्या सुरुवातीला ते वेल्ह्याकडं पासलीला शाळेवर होते, हे मला ठाऊक होतं. तिकडं डोंगरात आजारी माणूस न्यायचा म्हणजे झोळी. जाड बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात माणसाला निजवायचं, एकानं पुढं खांदा द्यायचा, एकानं मागं, बाकीच्यांनी आळीपाळीनं. अण्णांनीही एकदा असा खांदा दिला होता. बाळंतीण अडली होती. डोंगर उतरून, ओढे ओलांडून तिला एका दवाखान्यापर्यंत आणलं. "वाटेत काही झालं नाही रे," अण्णा म्हणाले. "सगळी वाट नीट पार पडली. दारात बांबू वळेना. झोळी खाली ठेवली, बाईला म्हणालो, चार पावलं चाल. ती उठली... आणि उंबऱ्यात बसली ती बसलीच."  मी खिडकीतून मान आत घेतली.

दार बसलं आणि बाजारच्या दिवशी अण्णांची परीक्षा सुरू झाली. बाजाराला आलेल्या माणसांना ते रस्त्यावर गाठून, गोड बोलून दारातून आतबाहेर करायला लावत होते. काठीवाल्या म्हाताऱ्याची काठी आत गेली आणि म्हातारा बाहेर राहिला. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक आजी दारासमोर येऊन नुसतीच उभी राहिली. मी म्हणालो, आजी, ढकला की. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दोनी हात पाटीला गुतल्यात. दार काय कपाळानं ढकलू व्हय?" अण्णा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते, ते मला जास्त लागलं.

शेवटी झोळी. पासलीचे कोंडिबा म्हणून अण्णांच्या जुन्या ओळखीचे, तांदूळ विकायला आले होते. त्यांनी आणि त्यांच्या भावानं बांबूला घोंगडी बांधली. पेशंट कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मी फुशारकीनं म्हणालो, मी निजतो. माझं दार, मीच सिद्ध करतो. कोंडिबांनी छातीनं दार ढकललं आणि ते आत गेले. त्यांच्यामागं दार निघालं परत यायला, आणि मधे होतो मी. पहिल्यांदा ते माझ्या डोक्यात बसलं. मी ओरडलो, म्हणून मागचा भाऊ दचकून थबकला. कोंडिबा मात्र पुढं ओढतच राहिले. बांबू तिरपा झाला, घोंगडीची गाठ सुटली आणि मी फरशीवर. पेशंट म्हणून निघालो होतो, तो खराखुरा पेशंट होऊनच आत पोचलो. नव्या दवाखान्यातली पहिली मलमपट्टी माझी आहे. कोंडिबा माझ्याकडं वाकून बघत म्हणाले, "मास्तर, ह्ये दार मानसाच्या मागं लागतंय. आमचं कुत्रं बी येवढं लागत न्हाई."

त्या संध्याकाळी कमिटीपुढं अण्णा म्हणाले, दार परत पाठवा, साधं रुंद दार बसवा, शेळ्यांचं पुढं बघू. मी डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत दाराची बाजू मांडली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे खास दार बघायला येणार होते, परत पाठवलं तर माझं भोरमध्ये तोंड दाखवणं मुश्कील. मी म्हणालो, उद्घाटन होऊ द्या, मग धरायला एक माणूस ठेवू. आणि वर म्हणालो, "झोळी काय अशी मुहूर्त बघून येणारे का, अण्णा?"

"नाही येत," अण्णा म्हणाले. "तेच सांगतोय मी."

कमिटीनं माझं ऐकलं. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी फक्त टोपी डोक्यावर नीट बसवली आणि सगळे बाहेर पडेपर्यंत मीटिंगच्या खोलीचं दार धरून उभे राहिले.

उद्घाटनाच्या दिवशी दारावर लाल फीत, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, समोर बँडवाले. पाहुणे नेहमीप्रमाणे उशीर करत होते. मी हार घेऊन दाराशी उभा, आणि बँडवाल्यांना सांगून ठेवलेलं, गाडी दिसली की सुरू करा. थोड्या वेळानं रस्त्यावर धुरळा उठला, एक गाडी येऊन थांबली. मी हात वर केला, बँड सुरू झाला, आणि मी धुरळ्यातून पुढं येणाऱ्या फेट्याच्या गळ्यात हार घालून मोकळा झालो. फेट्याखाली कोंडिबा होते. त्यांच्या खांद्यावर बांबू होता. मागं मालट्रक उभा होता, आणि घोंगडीत त्यांची सून होती, पोर आडवं आलेलं. घोंगडीतून बाहेर आलेली तिची मूठ बांबूला घट्ट धरून होती. बँड वाजतच होता. मी अजून पाहुण्यांना शोधत होतो. कोंडिबांनी दार पाहिलं, मला पाहिलं आणि ते जागीच थांबले. हारातल्या झेंडूवरून त्यांचा घाम खाली गळत होता. म्हणाले, "न्हाई वो. ह्या दारातनं न्हाई."

झोळी जमिनीकडं झुकायला लागली. मागच्या भावानं खांदा काढायला सुरुवातसुद्धा केली होती. तेवढ्यात गर्दीतून अण्णा आले. फीत त्यांनी हातानं ओढून तोडली, पाठीनं दार लोटलं, दोन्ही पाय रोवले आणि आपलं सगळं वजन त्या दारावर टाकून ते उभे राहिले.

"खाली ठेवू नका. या, कोंडिबा. सावकाश या. दार मी धरलंय."

कोंडिबा आत गेले. झोळी गेली. मागचा भाऊ गेला. मग गाठोडं घेतलेली सासू, मग तिच्या पदराला धरून आलेली कुणी पोरगी. अण्णांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या, पण सगळे आत जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग सगळ्यांच्या शेवटी स्वतः आत वळले, आणि दारानं त्यांच्या हाताचं बोट चौकटीत धरलं. त्या बोटाचं नख गेलं ते पुढं वाकडंच आलं. शाळेतली पोरं त्या नखाला 'बापूंचं दार' म्हणायची, हे मला फार उशिरा कळलं.

पाहुणे आले तेव्हा फीत तुटलेली. मी घाईघाईनं तिला गाठ मारली आणि पाहुण्यांनी ती गाठ कापली. नेमकं त्याच वेळी आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना त्या आपल्यासाठी वाटल्या, आणि आम्ही कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. डॉक्टर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दारात आणखी थोडा वेळ खोळंबा झाला असता, तर..." मी म्हणालो, कळलं. त्या दिवशी मला एवढंच काय ते पहिल्या फटक्यात कळलं. कोंडिबा जाताना गळ्यातला हार काढून माझ्या हातात ठेवायला लागले. म्हणाले, "ह्यो तुमचा. मागल्या खेपेला झोळीत तुमी हुता." मी तो अण्णांच्या गळ्यात घालायला गेलो, तर त्यांनी आधी फुलं हुंगून पाहिली आणि म्हणाले, "शिळी आहेत."

दार परत करायला मी पुण्याला गेलो. आमचं उद्घाटन झालेलंच नाही, पाहुण्यांनी नुसती गाठ कापली, असा युक्तिवाद मी केला. दुकानदारानं सगळी हकिगत ऐकून घेतली आणि विचारलं, "आत माणूस गेला का? मग झालं उद्घाटन." त्या बाबतीत तो अण्णांच्याच विचारांचा निघाला. दार आमच्या गळ्यात पडलं. मग अण्णांनी घरी बसून बाभळीच्या लाकडाची एक पाचर तासली. दिवसा ती दाराखाली ठोकायची, म्हणजे दार उघडं राहायचं. संध्याकाळी काढायची, म्हणजे कुत्री बाहेर. ती हरवू नये म्हणून सुतळीनं दाराच्या मुठीला बांधली. तालुक्यातलं पहिलं अत्याधुनिक स्वयंचलित द्वार अशा रीतीनं बाभळीच्या तुकड्यावर वर्षानुवर्षं उघडं राहिलं, आणि शेळ्यांना हाकलायला डॉक्टर काठी बाळगू लागले.

तेव्हापासून अण्णांना कुठल्याही दारातून आधी गेलेलं मी पाहिलं नाही. वर्गातून पोरं सुटली की दार धरून उभे. लग्नात, मयतीत, बँकेत, सगळे जाईपर्यंत पाठ लावून उभे, मग सर्वांच्या मागून आपण. आम्ही थट्टा करायचो. एकदा कापूरहोळला एसटीचं दार धरून त्यांनी सगळ्या बाजारकऱ्यांना चढवलं, पाट्या वर दिल्या, म्हाताऱ्यांना हात दिला, आणि शेवटच्यानं आतून दार ओढून घेतलं. गाडी सुटली. आम्ही आत, अण्णा खाली. मी खिडकीतून ओरडत होतो आणि ते शांतपणे हात हलवत होते, जा, जा, मी येतो मागून.

अण्णा गेले त्या सकाळी मी शिवऱ्याहून भोरच्या त्याच दवाखान्यात पोचलो तेव्हा माणसं जमली होती. बाहेर टेम्पो उभा होता, अण्णांना घरी न्यायचं होतं. चौघांनी स्ट्रेचर उचललं. मी सवयीनं दाराच्या मुठीकडं पाहिलं. सुतळीचं नुसतं टोक लोंबत होतं. रंगकामात कुणीतरी पाचर काढून टाकली होती. ती मी नंतर नवी करून बांधली, आळीतल्या माणसांकडून ओढून, ठोकून तपासून घेतली, त्यात विशेष काही नाही. त्या वेळी मात्र पुढच्या माणसानं दार ढकललं आणि ते परत यायला निघालं. स्प्रिंग म्हातारी झाली होती, तरी जोर होता. मी कधी पुढं झालो ते मला आठवत नाही. दाराला पाठ लावली, पाय रोवले. अण्णा माझ्या शेजारून गेले. पांढऱ्या चादरीबाहेर एक हात आला होता, वाकड्या नखाचा. कुणीतरी तो आत घेतला.

मग बाकीचे गेले. वहिनी, आळीतल्या बायका, शाळेतले मास्तर, अण्णांचे विद्यार्थी, चपला शोधत मागं राहिलेले एक-दोघे. सगळे टेम्पोपाशी पोचले तरी मी उभाच होतो. पाठीवर दार दाबत होतं. वहिनींनी वळून पाहिलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"बापू, चला की. आता कुणासाठी दार धरलंय?"

मी आत, रिकाम्या व्हरांड्याकडं बघत होतो. सगळे बाहेर पडल्यावर सर्वांच्या मागून अण्णा यायचे, ते अजून आले नव्हते.